खात्यांचं काय?

पीकविम्याची वाढीव मुदत संपायला एक-दोन दिवस उरले होते. २०२५ चा ऑगस्ट. ज्या पावसानं पुढच्याच आठवड्यात मुखेडकडं गावं वेढली, तो अजून नुसताच जमून येत होता. माझ्या ऑनलाइन सेंटरच्या दारात ओल्या चपलांचा ढीग पडला होता, आत माणसं एकमेकांना चिकटून उभी होती, आणि स्क्रीनवर एका वेळी पंधरा-सोळा टॅब उघडे होते. कुणाचा सातबारा, कुणाचा फार्मर आयडी, कुणाचं बँकेचं पान. गोल गोल फिरणारं चिन्ह थांबलं की आम्ही सगळेच थांबतो. तशाच एका थांब्यात मोबाइलवर बातमी दिसली आणि मी ती मोठ्यानं वाचली, कारण कोपऱ्यातल्या खुर्चीवर अण्णा बसले होते आणि त्यांना बातम्या ऐकायला आवडतात. पर्प्लेक्सिटी नावाच्या तीन वर्षांच्या एआय कंपनीनं गूगलकडं क्रोम विकत मागितलं होतं. साडेचौतीस अब्ज डॉलर, म्हणजे आपले तीन लाख कोटी रुपये. मागणाऱ्या कंपनीची स्वतःची किंमत त्याच्या निम्म्याच्या आसपास.

"क्रोम म्हंजी?" अण्णांनी विचारलं. मी स्क्रीनकडं बोट केलं. "हे. ज्याच्यात हे सगळं उघडतंय ते." अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी ते मान पुढं काढून बघतात. टॅबची रांग त्यांनी डावीकडून उजवीकडं नीट पाहिली. मग समोरच्या बाकावर बसलेल्या माणसांकडं पाहिलं. आणि म्हणाले, "मग खात्यांचं काय, माय?"

फिरणारं चिन्ह थांबलं, पान उघडलं, मी पुढच्या माणसाचं आधार मागितलं. प्रश्न तिथंच राहिला.

अण्णा सव्वीस वर्षं उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर (दलालीच्या दुकानात) मुनीम होते. माझं लहानपण त्या आडतीच्या ओट्यावर गेलं. तुरीचा गोडसर धुरकट वास, बारदान्याचा नाकात बसणारा तंतू, चाळणीतून उडालेली आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी धूळ, हमालांच्या पाठीवरचा घाम. आत गादीवर अण्णा, मांडीवर लाल कापडी बांधणीची वही. कीर्द वेगळी, खतावणी वेगळी. दिवसभर जे घडलं ते घडेल तसं कीर्दीत, आणि संध्याकाळी त्यातलं ज्याचं त्याच्या पानावर खतावणीत. जळकोट, देवणी, मुखेड, आणि तिकडं कर्नाटकातल्या औराद-भालकीकडची माणसं माल घेऊन यायची. अण्णांना व्यवहारापुरती कानडी यायची. पेरणीच्या तोंडावर उचल, सुगीला माल, मग पट्टी (विक्रीचा हिशोब), त्यातून उचल वजा. मोंढ्यातलं जगणं एवढ्या चार शब्दांत बसतं, पण त्या चार शब्दांच्या मध्ये किती काय असतं ते मी त्या ओट्यावर बसून पाहिलं.

अण्णा खतावणीच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं टिंबं द्यायचे. एक टिंब म्हणजे या माणसाला सोयाबीनला पैसे मागायचे नाहीत, तुरीला मागायचे. दोन टिंबं म्हणजे बोलायचं ते कारभारणीशी, नवऱ्याच्या हातात पैसा टिकत नाही. तीन टिंबं फक्त एका पानावर होती. त्या घरातला कर्ता मुलगा १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात गेला होता. अण्णा त्या पानावर आले की बोट न टेकवता पुढं जायचे. आकडे शाईचे असायचे, टिंबं पेन्सिलीची.

भूकंपानंतर पाच वर्षांनी, मी पाचवीत असताना, आडत विकली जाणार अशी आवई उठली. शेठची मुलं पुण्याला शिकत होती, त्यांना मोंढ्यात रस नव्हता. आवई आधी चहाच्या टपरीवर आली, मग हमालांमध्ये, मग शेतकऱ्यांपर्यंत. माणसं माल उतरवण्याआधी अण्णांना बाजूला घ्यायची. "मुनीमजी, दुकान विकायलेत म्हणं?" अण्णा म्हणायचे, आवई हाय, माल उतरवा. पण घरी आले की ताट तसंच समोर ठेवून बसायचे. त्यांना ठाऊक होतं. एका दुपारी मागच्या खोलीत चहा नेऊन ठेवताना त्यांनी पाहिलं होतं, शेठ आणि बाहेरगावचा एक मोठा व्यापारी समोरासमोर बसलेले, दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली, आणि रुमाल हलतोय. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची जुनी रीत. तोवर मोंढ्यात उघड लिलाव सुरू होऊन जमाना झाला होता. जुन्या माणसांच्या हातात मात्र ती रीत शिल्लक होती. अण्णा सांगतात, धान्याचा सौदा असता तर समोर ढीग असता. समोर काही नव्हतं. नुसता रुमाल, आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या त्यांच्या वह्या.

पुढं आडत विकलीच. काटे, चाळण्या, गोदाम, पाटी आणि खाती, सगळं एका किमतीत. नव्या मालकाच्या मुनीमानं वह्या उतरवून घेतल्या. आकडे उतरले, टिंबं उतरली नाहीत. एका दसऱ्याच्या आधी औरादकडचा एक माणूस आमच्या घरी येऊन उंबऱ्यावर बसला. आईनं पाणी दिलं. लेकीचं लग्न तोंडावर होतं आणि सोयाबीनच्या पट्टीतून त्याची सगळी बाकी एकदम वळती करून घेतली होती. त्याच्या पानावर एक टिंब होतं. तो चिडला नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, "मुनीमजी, तुमी सांगितलं न्हाई का त्यांना?" अण्णा त्याला काय म्हणाले ते मला आठवत नाही. बहुतेक काहीच म्हणाले नसावेत.

ब्राउझर विकला जाण्याची आवई मी पहिल्यांदा ऐकली ती २००५ च्या डिसेंबरात. बारावी झाली होती, पुढचं काही ठरत नव्हतं, आणि बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत मी तासाला वीस रुपये मोजून जात होते. पुढं त्याच कॅफेत दुपारचं बसायचं काम मिळालं. सहा कॉम्प्युटर, त्यातल्या दोनांवर कॅफेवाल्या भैयांनी ओपेरा नावाचा ब्राउझर टाकला होता. बाकी सगळीकडं निळं 'ई', म्हणजे मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर. तेव्हा कितीतरी फॉर्म त्या निळ्या 'ई'मध्येच उघडायचे, त्यामुळं गिऱ्हाईक ओपेरावर बसायला कचरायचं. मला मात्र तेच दोन आवडायचे. लाइन इतकी हळू, की निकालाच्या पानावरचं एक चित्र उतरेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. ओपेरात नुसतं जी हे बटन दाबलं की चित्रं बंद. पान उघडंबोडकं दिसायचं, पण उघडायचं. आणि भारनियमन! सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास, मधल्या वेळेलाही भरवसा नाही. लाइट गेली की कॅफेभर एकच हुंदका निघायचा. इन्व्हर्टरवर दोनच मशीन चालायच्या. लाइट आल्यावर ओपेरा उघडला की तो आधी विचारायचा, मागच्या वेळी जिथं होतात तिथून सुरू करायचं का. हो म्हटलं की सगळी पानं पुन्हा रांगेनं उभी. ओपेरा बनवणाऱ्या नॉर्वेतल्या माणसांना उदगीरची लाइट काय माहीत. तरी कुणीतरी कुठंतरी बसून, मध्येच सगळं बंद पडणाऱ्या माणसाचा विचार केला होता. मला तो प्रश्न वाचला की दर वेळी बरं वाटायचं.

त्या डिसेंबरात भैयांनी सांगितलं की ओपेरा आधी गूगल घेणार होतं म्हणतात आणि आता मायक्रोसॉफ्ट घेणार म्हणतात. ओपेरानं दोन्ही वेळा नाही म्हणून सांगितलं होतं, पण भैयांचा जीव थाऱ्यावर नव्हता. निळा 'ई' ज्याचा, तोच हे लाल 'ओ' घेणार असेल तर चालवायला कशाला घेईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी नेटस्केप या जुन्या ब्राउझरचं उदाहरण दिलं. एके काळी जो तो नेटस्केप वापरायचा, आणि एओएल या अमेरिकन कंपनीनं घेतल्यावर त्याचं काय झालं ते बघ, म्हणाले. (नेटस्केपची देखभाल पुढं १ मार्च २००८ ला कायमची थांबली. तेव्हा मला भैयांची आठवण झाली.) दुसऱ्या दिवशी त्यांनी ओपेराची सेटअप फाइल, चार एमबीच्या आसपासची, एका सीडीवर उतरवली आणि सीडीवर मार्करनं लिहिलं, 'ओपेरा. जपून.' ती ड्रॉवरमध्ये अगरबत्तीच्या पुड्याखाली ठेवली. आमच्याकडं पुढच्या पेरणीचं सोयाबीन बाजूला राखून ठेवतात, उपासमार झाली तरी त्या पोत्याला हात लावत नाहीत, तसं.

तेव्हा जगातली बहुतेक माणसं एक्सप्लोररच वापरत होती. शंभरात एखाद-दुसरा ओपेरावाला. पण ज्याच्याकडं धड लाइन नाही, धड लाइट नाही, त्याला तो एखाद-दुसराच लागतो. मोठ्याला बाजारात आणखी एक छोटं दुकान घ्यावंसं वाटणं मी समजू शकते. त्या छोट्या दुकानावर चार गावांचा संसार चालतो हे त्याच्या हिशोबात कुठं दिसत असेल, असं मात्र तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

पुढं मी लातूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले आणि हातात बटनांचा फोन आला. महिन्याला ९८ रुपयांचा नेटपॅक, तो संपला की महिना संपेपर्यंत गप्प बसायचं. ओपेरा मिनी २००६ च्या जानेवारीत जगभर आला होता, आमच्यापर्यंत यायला दोन-तीन वर्षं लागली. त्याची रीत मोंढ्यातल्या माणसाला लगेच समजावी अशी होती. आपण मागितलेलं पान आधी ओपेराच्या सर्व्हरवर जायचं, तिथं चाळलं जायचं, खडा-माती-फोलपट बाजूला, आणि उरलेला माल गच्च बांधून आपल्या फोनवर. कधी कधी दहातला एकच हिस्सा. पण मराठी दिसायची नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी चौकोन. बातमीच्या पानावर चौकोनांच्या ओळीच्या ओळी, जसं काही घरंच घरं आणि एकाही घरात माणूस नाही. मग २०१० च्या सुमारास कुणीतरी युक्ती सांगितली. पत्त्याच्या जागी कॉन्फिग लिहून पुढं अपूर्णविरामाची दोन टिंबं द्यायची, गो करायचं, एक सेटिंगचं पान उघडतं, तिथं खाली बिटमॅप फाँटची एक ओळ असते, तिच्यापुढं 'नो' आहे ते 'येस' करायचं आणि सेव्ह. परत पान उघडलं आणि चौकोनांच्या जागी मराठी. अक्षरं थोडी जाडीभरडी, चित्रं म्हणून आलेली, त्यामुळं पॅक जरा लवकर संपायचा. संपू दे. त्या महिन्यात मी आमच्या गल्लीतल्या, क्लासमधल्या, माहेरच्या मिळून किती फोनांवर ते 'नो'चं 'येस' केलं ते मोजलं नाही. दूध घालणाऱ्या मावशींच्या मुलाच्या फोनवर केलं तेव्हा मावशी फोन हातात घेऊन एकेक अक्षर लावत वाचत राहिल्या, आणि दुधाचं माप तसंच हातात.

आता लिहिताना दुसरीही बाजू दिसते. ते पान आधी त्यांच्या सर्व्हरवर जायचं, म्हणजे आमचं वाचलेलं, शोधलेलं, सगळं त्यांच्या दारातून जात होतं. ते चाळतात म्हणजे त्यांना दिसतंही. बँकेचं पानसुद्धा तिथं उलगडूनच पुढं यायचं. तेव्हा हा विचार कधी मनाला शिवला नाही. आडतीवर माल टाकणारा शेतकरी काट्याकडं बघतो, वहीकडं बघत नाही, तसंच ते होतं. आमचीही तिथं खाती होती. आम्हाला ती खाती आहेत हेच माहीत नव्हतं.

२०१२ च्या मे महिन्यात, फेसबुकचे शेअर बाजारात आले त्याच सुमारास, फेसबुक ओपेरा घेणार अशी आवई उठली आणि ऑस्लोच्या बाजारात ओपेराचा शेअर उसळला. पुढं त्यातलं काही झालं नाही. आमच्याकडंही बाहेरून खाद्यतेल येणार नाही अशी कुजबूज झाली की सकाळी सोयाबीन वर जातं आणि संध्याकाळी खाली येतं. मधल्या वेळेत ज्याचा माल ज्या भावाला गेला तो गेला. दुसऱ्या वर्षी, २०१३ च्या फेब्रुवारीत, ओपेरानं आपले तीस कोटी वापरकर्ते झाल्याचं सांगितलं आणि त्याच वेळी पानं उलगडून दाखवणारं स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडून देत असल्याचंही. पुढं पुढं आतलं यंत्र गूगलच्या क्रोमियमचं, ज्याच्यावर क्रोम चालतं तेच. जुलैत ओपेरा १५ आला त्यात बुकमार्कच नव्हते, ते पुढच्या आवृत्त्यांत परत आले. पाटी तीच, लाल 'ओ' तोच. आकडे आले, टिंबं मागंच राहिली.

विक्री खरोखर झाली ती २०१६ मध्ये. फेब्रुवारीत चिनी कंपन्यांच्या गटाची १.२ अब्ज डॉलरची मागणी आल्याचं जाहीर झालं, जुलैत ती परवानगीवाचून फिसकटली, आणि मग ब्राउझरचा धंदा तेवढा ५७.५ कोटी डॉलरना गेला. नोव्हेंबरात व्यवहार पुरा झाला. त्या वर्षी ही बातमी मी वाचली असेल तर पुसट. आमच्या जिल्ह्यात तेव्हा एकच आवई महत्त्वाची होती, की मिरजेहून रेल्वेनं पाणी येणार आहे. कुणी म्हणायचं येणार, कुणी म्हणायचं रेल्वेनं कुठं पाणी येतं का. एप्रिलमध्ये लातूरला पहिली गाडी आली, दहा डबे, पाच लाख लिटर. आवई खरी ठरल्यावर माणसं स्टेशनाकडं पळाली होती, पाणी भरायला नाही, नुसतं बघायला. चारी बाजूंनी घागरींची रांग लागलेली असताना ऑस्लोतला लाल 'ओ' कुणाच्या हाती गेला याचा विचार मीही केला नाही, याचं मला आज जरा वाईट वाटतं. ज्या गोष्टीनं आपल्याला मराठी वाचू दिली तिचा सौदा होत होता.

ओपेरा दोघांनी सुरू केलं होतं. त्यातले गेर इवारसॉय २००६ मध्ये वारले. दुसरे, योन फॉन टेट्झनर, २०११ मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि पुढं त्यांनी विवाल्दी नावाचा नवा ब्राउझर काढला. त्यात जुन्या ओपेरातल्या बारीकसारीक सोयी पुन्हा बसवत गेले. एका बटनाची कामं, टिपणं, मेल. मला हे वाचून कुठल्याही मोठ्या आकड्यापेक्षा जास्त भरून आलं. वही गेल्यावर माणूस नवी वही शिवायला बसला होता. अण्णांना ते जमलं नाही. आडत सुटल्यावर त्यांनी काही वर्षं दुसऱ्याकडं काम केलं, पण टिंबं द्यायचं बंद केलं. नवी खाती, माहीत कुणालाच नाही, असं म्हणायचे.

त्याच २०२५ च्या २ सप्टेंबरला गूगलच्या सर्चमधल्या मक्तेदारीच्या खटल्यात अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला, गूगलला क्रोम विकायची गरज नाही. मी अण्णांना सांगितलं. तोवर पाण्यानं सोयाबीन पिवळं पडलं होतं आणि सेंटरवर नुकसानीच्या पंचनाम्यांची चौकशी करणारी माणसं येत होती. "नाही विकलं," मी म्हणाले. "आवईच होती." अण्णांनी मान हलवली. "आज न्हाई," एवढंच म्हणाले. मग त्यांनी टेबलावरची माझी वही ओढून घेतली.

कॉम्प्युटरमध्ये सगळं असताना मी वही ठेवते. गाव, नाव, कोणत्या फॉर्मची पावती मिळाली, कोणत्याची नाही. अण्णांनी चष्मा पुसला आणि गादीवर बसायचे तशीच मांडी खुर्चीतच घालायचा प्रयत्न केला, मग पाय खाली सोडले. पानं उलटत गेले. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. कोपऱ्यात पेन्सिलीचं एक टिंब होतं.

"ह्ये काय?"

"त्यांचा अंगठा उमटत नाही मशीनवर. घासून गेलाय. मधलं बोट घ्यायचं."

बोट दोन पानं पुढं गेलं. "आन् ही दोन?"

"ओटीपी लेकाच्या फोनवर येतो. लेक चाकणला कंपनीत. दुपारी एक ते दीड जेवायच्या सुट्टीत तेवढा फोन उचलतो. त्याच वेळेला बोलवायचं त्यांना."

अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. एकला दहा कमी होते. दारातल्या चपलांपाशी बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी नावानं हाक मारली आणि आपल्या शेजारचं स्टूल पुढं सरकवलं.